इयत्तेबाहेरचं मूल

विसाव्या शतकाची पहिली काही वर्षं. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा पुस्तक घेऊन येऊन बसायचा. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर वाचायला येत. ते पेशानं शिक्षक आणि वृत्तीनं लेखक होते. मुलं खेळायची त्या वेळी हा एकटाच वाचत असतो, हे त्यांच्या लक्षात आलं आणि एक दिवस त्यांनी त्याची चौकशी केली. मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होता. त्याचं नाव भीमराव आंबेडकर.

घर म्हणजे परळच्या चाळीतली एक खोली. अंथरायला पुरेशी जागा नाही, म्हणून वडील रामजी सुभेदार रात्री जागत बसत, दोनच्या सुमारास मुलाला अभ्यासाला उठवत आणि त्याच्या जागी स्वतः आडवे होत. आधीच्या साताऱ्याच्या शाळेत तो वर्गात इतरांपासून दूर, घरून नेलेल्या गोणपाटावर बसायचा. शिपाई हजर नसेल तर त्या दिवशी पाणी नाही. मुंबईत संस्कृत शिकायची फार इच्छा होती, पण ते मिळालं नाही आणि पर्शियन घ्यावं लागलं. केळुसकरांनी या मुलाला पुस्तकं दिली, त्याच्या सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवलं. पुढे कॉलेजात पैशाची ओढाताण सुरू झाली तेव्हा त्यांनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महिना २५ रुपये बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ मध्ये त्याच दरबाराच्या मदतीनं भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले.

ही गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. तरी तिच्यातली एक गोष्ट थांबून बघण्यासारखी आहे. मुलगा रोज पाच-सहा तास शाळेत होता. शिक्षक समोर होते, हजेरीपट होता, परीक्षा होत्या. त्याला ओळखलं मात्र बागेत. चाणाक्ष मूल शाळेला दिसत का नाही, आणि दिसलं तरी त्याचं काय करायचं हे तिला का सुचत नाही? या प्रश्नाचं एक उत्तर ‘इयत्ता’ नावाच्या व्यवस्थेत आहे, आणि ती व्यवस्था आपल्याकडे वाटते तेवढी जुनी नाही.

इंग्रजी अमलाआधी गावात पंतोजीची शाळा असे. देवळाची ओवरी, नाहीतर कुणाच्या वाड्याची पडवी. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, बोरूनं किंवा बोटानं अक्षर काढायचं, चुकलं तर फळी हलवून सारखी करायची, ही धूळपाटी. मुळाक्षरं झाली की बाराखड्या, मग उजळणी, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. त्यापुढे मोडी वाचणं, पत्रं आणि हिशेब. वर्ष संपलं म्हणून पुढे जायचं, असला प्रकार नव्हता. ज्याची पावकी झाली तो निमकीला लागायचा, मग वय सहा असो की नऊ. पुढे गेलेली मुलं मागच्यांना घोकवून घ्यायची. छड्या आणि अंगठे धरणं भरपूर होतं. अर्थ न समजता पाठ करणं त्याहून जास्त. मुलींना आणि बहुतेक जातींच्या मुलांना तर ओवरीची पायरीच बंद होती. त्या शाळेच्या आठवणीनं हळवं होण्याचं काही कारण नाही. पण आत शिरलेल्या मुलाला तिथे एक मोकळीक होती: त्याचा वेग त्याचा स्वतःचा असे.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखातं उभं राहिलं. क्रमिक पुस्तकं, ठरलेले अभ्यासक्रम आणि एकामागून एक इयत्ता आल्या. हजारो शाळा एका मापानं चालवायच्या तर दुसरा मार्गही नव्हता. पुढच्या दशकात खाजगी शाळांच्या अनुदानाला परीक्षेच्या निकालाची अट जोडली गेली. खात्याचे तपासनीस, म्हणजे डिपोटी, यायचे, मुलांना उभं करून विचारायचे, आणि किती मुलं आपापल्या इयत्तेत उतरली यावर शाळेचे पैसे ठरायचे. अशा वेळी मास्तरांचा जीव कुणात अडकणार? काठावरच्या मुलांत. वर्गाच्या पुढे धावणारं पोर तर पास होणारच आहे. त्याला वेगळं काही शिकवून शाळेला एक पैही जास्त मिळणार नव्हती. तेव्हापासून हुशार मुलाला मिळणारं उत्तर फारसं बदललेलं नाही: तुझं झालंय ना, मग हाताची घडी घालून बस.

नियमाला माणूस कसा दिसत नाही, याचा दाखला धोंडो केशव कर्व्यांच्या लहानपणी सापडतो. दापोलीजवळच्या मुरूडचा हा मुलगा १८७५ मध्ये सरकारी नोकरीसाठी लागणाऱ्या परीक्षेला बसायला साताऱ्याला निघाला. सह्याद्री ओलांडून सुमारे ११० मैल, तेही पायी. चार दिवसांची चाल करून तो पोचला. परीक्षेला वयाची सतरा वर्षं पुरी असावी लागत. कर्व्यांची ती झाली होती. पण अंगकाठी किरकोळ, चेहरा पोरसवदा. परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परत पाठवलं. त्याला काय येतं, हा प्रश्न विचारण्याची वेळच आली नाही. पुढच्या वर्षी कोल्हापूर केंद्रावर तो तीच परीक्षा पास झाला. हा मुलगा पुढे गणिताचा प्राध्यापक आणि महर्षी झाला, म्हणून ती हकिकत शिल्लक राहिली. साताऱ्याहून परत फिरलेल्या आणि पुन्हा न निघालेल्या मुलांची हकिकत कोण लिहिणार?

मुलींच्या बाबतीत प्रश्न परीक्षेपर्यंत पोचतच नव्हता. पंडिता रमाबाईंना त्यांच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, गंगामूळच्या रानात आणि पुढे तीर्थयात्रेच्या वाटेवर संस्कृत शिकवलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवण्याबद्दल धर्मसभेचा रोष पत्करला होता, म्हणून ते शक्य झालं. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी वीस वर्षांच्या रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. त्यात शाळेचा वाटा शून्य होता.

मुक्ता साळवे हिच्या वाट्याला मात्र शाळा आली. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत ती तीन वर्षं शिकली आणि चौदाव्या वर्षी तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५ च्या ‘ज्ञानोदया’त तो दोन हप्त्यांत छापून आला. ज्यांना वेदांना हात लावण्याचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न ती विचारते, बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायांच्या हालांबद्दल लिहिते. तीन वर्षांच्या शाळेतून हे आलं. ते येऊ शकलं याचं कारण त्या शाळेत मुलीला निबंध लिहायला सांगणारं, तिचं म्हणणं ऐकून घेणारं आणि ते छापण्याजोगं आहे हे कळणारं कुणीतरी होतं. त्या निबंधानंतर मुक्तेचं नाव छापील इतिहासात जवळजवळ दिसत नाही. ओळखण्याचं काम पहिल्या झटक्यात झालं. तिला पुढे न्यायला वरची शाळा नव्हती.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघालं आणि हुशारीचं नवं माप आलं, मॅट्रिक. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यासाठी जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली आणि ‘शंकरशेट स्कॉलर’ हे पदवीसारखं बिरुद घराघरांत मिरवलं जाऊ लागलं. रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले आले आणि ही शिष्यवृत्तीही त्यांनीच घेतली. पण मॅट्रिक येते वयाच्या सोळाव्या वर्षी. सातव्या वर्षी वर्गात कंटाळलेल्या मुलाला तिचा उपयोग काय?

लहान वयात बुद्धी मोजण्याचं साधन १९०५ मध्ये पॅरिसमध्ये तयार झालं. आल्फ्रेड बिने यांना हुशार मुलं शोधायची नव्हती. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना वेळेवर मदत मिळावी, एवढाच त्यांचा हेतू. त्या कसोटीतून ‘मानसिक वय’ ही कल्पना निघाली. आठ वर्षांच्या मुलाचं डोकं अकरा वर्षांच्या मुलासारखं चालू शकतं, हे आता आकड्यांत सांगता येऊ लागलं. ही कसोटी आपल्या मुलांसाठी नव्यानं घडवली डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथे कामतांनी मराठी आणि कानडी मुलांवर प्रश्न तपासून, बदलून, वयाप्रमाणे लावून १९३४ मध्ये ती सिद्ध केली. बिने-कामत कसोटी आजही भारतातले मानसशास्त्रज्ञ वापरतात. मराठीत मुलाच्या बुद्धीचा अंदाज घेण्याचं हे पहिलं पद्धतशीर साधन, आणि तरी कामतांचं नाव शिक्षकांच्या बैठकांतही क्वचित निघतं. याची खंत वाटायला हवी.

मोजून झाल्यावर पुढे काय करायचं, याचा एक सुंदर नमुना शाळेत नव्हे, बनारसच्या एका मराठी घरात पाहायला मिळतो. विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवत. त्यांच्याकडे मोरेश्वर हुजूरबाजार, म्हणजे मुलांचे मोरूमामा, शिकायला येऊन राहिले. घरात मुलांसाठी भिंतीवर फळे होते. भाचा जयंत याला गणिताची गोडी आहे हे मामांनी हेरलं आणि एका फळ्यावर ते त्याच्यासाठी आव्हान म्हणून एक गणित लिहून ठेवू लागले. ते शाळेच्या पुस्तकातलं नसे. जयंतनं ते सोडवेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत ते तसंच राहायचं, मगच नवं गणित येई. जयंत नारळीकरांनी आपल्या आत्मचरित्रात हा फळा मोठ्या प्रेमानं आठवला आहे. त्या खेळात घंटा होत नव्हती. दुसऱ्या दिवशीही गणित भिंतीवर असायचं, जेवताना डोक्यात असायचं. ते अवघड होतं, आणि ते लिहिणारा माणूस त्याच घरात राहत होता.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात घरोघरी पोचली ती चौथी आणि सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा. ‘पोरगं स्कॉलरशिपला बसलंय’ हे वाक्य ज्या घरात ऐकू आलं नाही, असं शिकतं घर विरळा. भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी असे तीन पेपर, तीनशे गुण. गुरुजी हेरलेल्या सात-आठ मुलांचा जादा तास सकाळी शाळेआधी किंवा संध्याकाळी दिवेलागणीला घेत, आणि बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे घेत नसत. आरशातली आकृती, सांकेतिक भाषा, मालिकेतलं पुढचं पद, गटात न बसणारा शब्द. खेड्यातल्या मुलाला आपलं डोकं इतरांपेक्षा वेगळं चालतं, याची पहिली जाणीव अनेकदा या तिसऱ्या पेपरनं करून दिली. रक्कम बरीच वर्षं फुटकळच राहिली. खरी कमाई होती गावात झालेलं नाव, शाळेच्या फलकावर खडूनं लिहिलेलं. २०१६-१७ मध्ये ही परीक्षा पाचवी आणि आठवीला नेण्यात आली.

परीक्षा चांगलीच होती. उणीव तिच्या दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची. शिष्यवृत्ती मिळालेला मुलगा जूनमध्ये पुन्हा त्याच बाकावर, त्याच पुस्तकापुढे बसायचा. गुरुजींचा जादा तास आता पुढच्या तुकडीसाठी. शोध लागला, सत्कार झाला आणि शिकवणं जिथल्या तिथे राहिलं.

नेमकं हेच पुण्यात डॉ. विनायक विश्वनाथ पेंडसे यांना सतावत होतं. आप्पा पेंडसे मानसशास्त्राचे अभ्यासक. १९६२ च्या विजयादशमीला सदाशिव पेठेत त्यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. सुरुवातीला ती शाळा नव्हतीच. वेगवेगळ्या शाळांतली चाचण्यांतून निवडलेली मुलं आपापली शाळा करून उरलेल्या वेळात इथे येत. शाळा जे देत नाही ते इथे द्यायचं, हा साधा करार होता. सात वर्षांनी, १९६९ मध्ये, प्रबोधिनीची स्वतःची प्रशाला निघाली. मुलींचा विभाग पुढच्या दशकात सुरू झाला.

प्रशालेत मुलं एखादा विषय घेऊन त्यावर प्रकल्प करतात: माहिती काढायची, माणसांना भेटायचं, मोजायचं, मांडायचं. आज हा शब्द प्रत्येक शाळेत आहे आणि तो बहुधा पालकांच्या हातून, कात्री-डिंकानं पुरा होतो. १९७० च्या आसपास दहा-बारा वर्षांच्या मुलानं अनोळखी माणसाकडे जाऊन प्रश्न विचारावेत, ही कल्पना नवी होती. खेड्यात जाऊन राहणं, सहली, खेळ, मुलगा-मुलगी आणि जात न पाहता होणारा विद्याव्रत संस्कार, गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीतलं बरची पथक. बुद्धीबरोबर शरीर आणि समाज यांचीही शाळा व्हावी, असा आप्पांचा आग्रह. बुद्धिमान मुलं ही देशाची संपत्ती आहे आणि तिनं देशाचे प्रश्न सोडवले पाहिजेत, अशी त्यांची धारणा. त्यांचं निधन १९८३ मध्ये झालं. शाळा तोपर्यंत आपल्या पायावर उभी होती.

प्रबोधिनीचं दुसरं, कमी बोललं गेलेलं काम तिच्या प्रज्ञा मानस संशोधिकेत झालं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी बुद्धी हा एक आकडा नसून १२० वेगवेगळ्या क्षमतांचा ठोकळा आहे, अशी मांडणी केली होती. डॉ. उषा खिरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या आधारे मराठी मुलांसाठी चाचण्या घडवल्या. याचा फायदा काय? एक मूल योग्य उत्तर पटकन शोधतं; दुसरं ‘विटेचे किती उपयोग?’ असं विचारल्यावर भिंत बांधण्यापासून तराजूच्या वजनापर्यंत वीस उत्तरं देतं. पहिल्याला परीक्षा ओळखते. दुसरं वर्गात ‘विषय सोडून बोलतो’ म्हणून गप्प केलं जातं. त्या दुसऱ्या मुलाला नाव आणि जागा मिळणं, ही मोठी गोष्ट आहे.

तरी एक शंका उरते आणि ती प्रबोधिनीबद्दल आदर ठेवूनच मांडायला हवी. दहा वर्षांच्या मुलाला ‘तू देशासाठी आहेस’ हे सांगणं सोपं नाही. त्याला कदाचित सध्या फक्त भुंग्यांचे पाय मोजायचे असतील. आणि प्रवेशाच्या यादीत नाव न आलेलं मूलही दहाच वर्षांचं असतं. घरातल्यांचा उतरलेला चेहरा त्याला वाचता येतो.

पेठेपलीकडच्या मुलांचं काय, हा प्रश्न सरकारनंही घेतला. शिक्षणमंत्री मधुकरराव चौधरी यांच्या काळात, १९६६ मध्ये, ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी शासकीय विद्यानिकेतनं निघाली. साताऱ्याजवळचं पुसेगाव आणि औरंगाबाद ही त्यांतली नावाजलेली. चौथीच्या परीक्षेत चमकलेला शेतकऱ्याचा, मजुराचा मुलगा पाचवीला इथे वसतिगृहात यायचा आणि पब्लिक स्कूलसारखं शिक्षण त्याला मराठीतून, सरकारी खर्चानं मिळायचं. परीक्षेच्या दुसऱ्या दिवसाची सोय सरकारनं पहिल्यांदा केली ती ही. कितीतरी अधिकारी, डॉक्टर, इंजिनिअर या वसतिगृहांनी दिले; पुढे मात्र त्यांच्याकडे सुरुवातीसारखं लक्ष राहिलं नाही.

हीच कल्पना देशभर गेली ती नवोदय विद्यालयांच्या रूपानं. १९८५-८६ मध्ये पहिली दोन उघडली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीत. सहावीला प्रवेश, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना, आणि प्रवेशपरीक्षा मुलाच्या भाषेत. शेवटची अट सर्वांत मोलाची. इंग्रजी न येणारं मूल मठ्ठ समजलं जाण्याचा धोका तिनं टाळला.

भाषेचा हा मुद्दा मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं आणखी खोलवर नेला. १९८० च्या दशकात प्रा. वि. गो. कुलकर्णी, सु. चिं. आगरकर आणि सहकाऱ्यांनी महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांमधली गुणवत्ता शोधण्याचा आणि जोपासण्याचा प्रकल्प हाती घेतला. ही मुलं विज्ञानात मागे पडतात ती बुद्धी कमी म्हणून नव्हे, असं त्यांना आढळलं. पुस्तकाची भाषा त्यांच्या वस्तीच्या भाषेपासून दूर होती आणि वर्गात तोंड उघडून विचारायची सवयच लागलेली नव्हती. भाषा सोपी केली, मुलांना बोलतं केलं, प्रयोग हातात दिले आणि मॅट्रिकपर्यंत साथ सोडली नाही, तेव्हा निकाल पालटले. चर्नी रोडच्या बागेत एका माणसानं केलं ते इथे काही माणसांनी ठरवून केलं.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात विशेष प्रज्ञा असलेल्या मुलांना ओळखून वाव द्यावा, त्यासाठी शिक्षकांना प्रशिक्षण मिळावं, विषयवार मंडळं निघावीत, असं लिहिलं आहे. ते कागदावरून वर्गात यायला वेळ लागेल.

तोवर वाडीवस्तीवरची द्विशिक्षकी शाळा मजबुरीनं एक गोष्ट करतेच आहे. एका खोलीत पहिली आणि दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी आणि चौथी. गुरुजी फळ्याच्या उजव्या भागावर चौथीला अपूर्णांक शिकवत असतात, डावीकडे तिसरीला गुणाकार दिलेले असतात. तिसरीतल्या एका मुलीचे गुणाकार कधीच झालेत. पाटी मांडीवर पालथी घालून ती उजवीकडे बघत बसली आहे. पाव आणि पाव मिळून किती, असं गुरुजी चौथीला विचारतात. चौथीचा विचार चालू असतो आणि उत्तर तिसरीच्या ओळीतून येतं. गुरुजी मागे वळून बघतात. ‘तुला विचारलंय का?’ हे ओठावर आलेलं असतं. मग ते खडू पुढे करतात आणि म्हणतात, ‘ये गं, मांडून दाखव.’